नीलाबाईपासून सुरू होणारा पुकारा

माझी सगळी हयात पोस्टात गेली. सॉर्टिंगच्या टेबलाशी उभं राहून टाचा झिजल्या, पण एक मिजास कमावली. पत्ता अर्धा असो, फाटका असो, पावसात भिजून पुसलेला असो, विष्णुपंताच्या हातून पत्र परत जायचं नाही. 'नाव म्हातारबा, दोन बायकांचा, हिंगोली' एवढ्यावर मी मनीऑर्डर पोचवलेली आहे. त्यामुळे रिटायर झाल्यावर बसस्टँडमागच्या गल्लीत शीतलने कॉम्प्युटरचं दुकान टाकलं आणि दारावर 'जगातील कोणतीही माहिती शोधून मिळेल' अशी पाटी लावली, तेव्हा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जगाचं राहू दे, आधी आमच्या गल्लीतलं नळाचं पाणी कधी येतं ते शोधून दाखव.

तेव्हा हिंगोली नुकतीच परभणीपासून सुटून जिल्हा झाली होती. नव्या नवरीसारखं गावाचं झालं होतं, सगळ्यांना काहीतरी नवं करून दाखवायचं होतं. शीतलचे वडील एसटीच्या डेपोत टायर बदलायचे. भीमनगरातलं चारचौघांसारखं घर. पोरगी मात्र वेगळी. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. इतर सायबर कॅफेवाल्यांनी प्रत्येक कॉम्प्युटरला पडद्याची खोपटी केली होती. शीतलने पडदे लावलेच नाहीत. "ज्याला लपून बघायचंय त्यानं दुसरीकडं जावं," असं ती तोंडावर सांगायची. म्हणून तिच्याकडे पोरी यायच्या आणि माझ्यासारखे म्हातारेही.

मी जायला लागलो ते नाइलाजाने. आमचा स्वानंद पुण्याला नोकरीला लागला आणि पत्र लिहायचं सोडून ईमेल करू लागला. पोस्टातल्या बापाला ईमेल! मी ठरवलं होतं की वाचायचंच नाही. पण आमच्या गंगूताईंनी, म्हणजे सौभाग्यवतींनी, दोन वेळा भाजीत मीठ घातलं नाही आणि मी शीतलच्या दुकानात जाऊन बसलो.

एकदा तिथे बसल्यावर तोंड गप्प बसेना. मी तिला डिवचलं. म्हटलं, "अगं, तुझं ते गूगल. परवा माझ्यासमोर त्या पोराने एक शब्द टाकला तर म्हणे कितीतरी लाख उत्तरं आली. लाख उत्तरं म्हणजे उत्तर नव्हे. मी एका पत्राला लाख दारं दाखवली असती तर पोस्टमास्तरने मला हाकललं असतं."

ती हसली नाही. म्हणाली, "बरोबर आहे काका. प्रश्न ढिला होता त्याचा. ढिल्या प्रश्नाला सगळं जग उत्तर देतं. सांगा, तुम्हाला कोण पाहिजे?"

मी मुद्दाम अवघड दिलं. परभणीला आमचे एक सुपरिटेंडेंट होते. भला माणूस, बदली होऊन गेले ते गेलेच. त्यांच्याच नावाचा तिकडे एक आमदार. शीतलने नाव टाकलं तर आमदारसाहेबांची भाषणं, उद्घाटनं, सत्कार यांचा पूर आला. मी खुशीत मांडी हलवली. मग तिने नावाच्या दोन्ही बाजूंना दुहेरी अवतरणचिन्हं लावली. "ही मोळी," ती म्हणाली. "नुसती लाकडं टाकली तर कुठलीही लाकडं मिळतात. मोळी बांधली की हीच लाकडं, याच क्रमानं." मग पुढे एक आडवी रेघ मारून तिला चिकटून 'आमदार' लिहिलं. "ही वजा. हे नको म्हणायचं." बटण दाबलं. आमदार गेला. सत्कार गेले. उरलेल्या थोड्यांत नाशिकच्या एका गुलाबप्रेमी मंडळाचं पान होतं आणि त्यावर हातात गुलाब धरून आमचे साहेब, केस सगळे पांढरे, उभे.

मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो. साहेब समोर आले की उठायचं, ही सवय. शीतल त्या दिवशी मात्र पोटभर हसली.

तेव्हापासून मी तिचा विद्यार्थी झालो म्हणा ना. ती हे कुणाकडून शिकली असं नव्हतं. गूगलच्याच मदतीच्या पानावर इंग्रजीत लिहिलेलं असायचं, जे कुणी वाचत नाही. तिने वाचलं आणि आपल्या भाषेत नावं दिली. मोळी. वजा. एकाच संस्थेच्या पानांत शोधायचं असलं तर त्याला ती 'गल्ली' म्हणायची, एवढीच गल्ली बघ, बाकी गाव नको. दोन शब्दांपैकी कुठलाही चालेल असं सांगायचं तर 'नाहीतर'. नर्सिंगच्या पोरींना प्रवेशाची पानं, हळदीची पानं पिवळी पडलेल्या शेतकऱ्याला विद्यापीठाचा सल्ला, असं ती काढून द्यायची. वीज दिवसातून निम्मा वेळ नसायची, इन्व्हर्टर कण्हायचा, पण शीतलचा प्रश्न कधी ढिला नसायचा. माझ्या टेबलावरची अर्धी विद्या या पोरीच्या बोटांत कुठून आली, याचं मला नवल वाटायचं आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा.

कमलबाई आल्या त्या फोटो मोठा करायला.

उन्हाळा लागला होता. शीतल फोटोचं कामही करायची. दुपारी एक म्हातारी आणि तिचा चाळिशीकडे झुकलेला मुलगा आत आले. "जयभीम बाई," म्हणत म्हातारी स्टुलावर टेकली. मुलाचं नाव सोनाजी. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर, जवळा बाजारच्या अलीकडच्या एका वस्तीवर राहणारी ही माणसं. सोनाजी कालव्यावर पाटकरी, म्हणजे चारीचं, कालव्यातून निघणाऱ्या छोट्या पाटाचं, दार उघडून शेतकऱ्यांना नंबराप्रमाणे पाणी सोडणारा रोजंदारीवरचा माणूस.

त्याने पिशवीतून एक फोटो काढला. कालव्याच्या दारावर काही माणसं उभी होती आणि मधोमध एक तरणाबांड गडी, एक हात वर केलेला.

"हा मधला आमचा थोरला, भीमराज. ह्याचा एकट्याचा मोठा करून द्या. फ्रेमचा. बुद्धपौर्णिमेला पाहिजे." सोनाजी घुटमळला. "पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम हाय."

"हार घालू देणार न्हाई मी," म्हातारी एकदम बोलली. आवाज मोठा नव्हता. "जित्या लेकराला हार घालून राहिलेत हे."

मग सोनाजीने सगळं सांगितलं. भीमराजच आधी पाटकरी होता. लग्न केलं नाही, कालवा हाच त्याचा संसार. दुष्काळाच्या साली धरणात पाणीच कमी. वरच्यांनी रात्रीतून दारं फोडून पाणी घेतलं, टेलची, म्हणजे चारीच्या शेवटची रानं जळाली. लोकांनी दोष दिला तो भीमराजला. त्याच्या मनाने ते घेतलं. जेवणं सुटलं, झोप सुटली, कोरड्या चारीत उभा राहून बडबडू लागला. दवाखाना सुरू होता, तेवढ्यात एक दिवस तो पूर्णा स्टेशनवर कुठल्याशा गाडीत चढताना कुणालातरी दिसला आणि मग दिसलाच नाही. पोलीस झाले, पेपरात फोटो झाला.

"माय रोज फाट्यावर जाऊन प्रत्येक गाडीपाशी उभी राहते," सोनाजी म्हणाला. "उन्हात. दोनदा चक्कर येऊन पडली. मी काय करू? कार्यक्रम झाला तर मोकळी व्हईल असं सगळे म्हणून राहिले. मला का हौस हाय भावाला हार घालायची?" त्याचे डोळे भरले. त्याचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

शीतलने फोटो मशीनमध्ये घातला, पडद्यावर मोठा केला आणि थांबली. "आजी, यानं हात काहून वर केलाय?"

"पुकारा करून राहिला त्यो. दार उघडलं की दारावर उभं राहून नंबराप्रमाणं नावं पुकारायची, म्हंजी ज्याचं त्याचं फावडं घेऊन रानात जाता येतं. आवाज काय व्हता त्याचा! पार टेलपत्तुर जायचा."

शीतल फोटोकडे बघत राहिली. मग तिने फोटो परत सोनाजीच्या हातात दिला नाही आणि फ्रेमसाठी कापलाही नाही. म्हणाली, "पौर्णिमेला वेळ आहे. मला थोडे दिवस द्या. मी आधी शोधते. नाहीच सापडला तर मी स्वतः फ्रेम करून वस्तीवर आणून देईन."

ती दोघं गेल्यावर मी तिला झापलं. "अगं, पत्र पोचवणं वेगळं आणि हे वेगळं. म्हातारीला कशाला आशा लावतेस? ज्याला स्वतःलाच आपला पत्ता माहीत नाही त्याला कुठे शोधशील?"

"तुमच्याकडे असं पत्र आलं असतं तर तुम्ही काय केलं असतं काका?"

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो. कारण मी तीन वेळा उलटसुलट करून बघितलं असतं.

त्यानंतरचे दिवस मी दुकानातच काढले. भीमराज हिंगोली असं टाकलं तर काही नाही. सिद्धेश्वर टाकलं तर सोलापूरचं देऊळ, तिथली जत्रा, बँक, साखर कारखाना. तिने सोलापूर वजा केलं. एवढं थोरलं सोलापूर एका आडव्या रेघेने उडालं! मग देऊळ वजा, कारखाना वजा, आणि शेवटी धरणातल्या पाणीसाठ्याचे सरकारी आकडे उरले. मग तिने वाट चुकून आलेल्या मनोरुग्णांना सांभाळणाऱ्या संस्था घेतल्या, एकेक गल्ली करत गेली. आंध्र झाला, कर्नाटक झालं, तामिळनाडू झालं. 'मराठी बोलणारा अनोळखी पुरुष' असं इंग्रजीत नाना तऱ्हांनी विचारलं. दोघे-तिघे सापडलेही, पण एक सांगलीचा निघाला आणि एक फार म्हातारा. वीज गेली की ती पदराने, म्हणजे ओढणीने वारा घेत बसायची आणि वीज आली की पुन्हा सुरू.

एक दिवस ती म्हणाली, "काका, मी चुकीचं शोधून राहिले. मी आपण त्याला काय म्हणतो ते शोधतेय. तो काय म्हणत असेल ते शोधायला पाहिजे. त्याला नाव विचारलं तर तो सांगत नसेल. गाव विचारलं तर सांगत नसेल. मग त्याच्या तोंडून काय निघत असेल?"

आणि ती स्वतःच वर केलेल्या त्या हाताकडे बघायला लागली.

सोनाजीचा फोन वस्तीजवळच्या पिठाच्या गिरणीत लागायचा. तिने त्याला बोलावून घेतलं आणि पुकाऱ्यातली नावं विचारली. त्या चारीवर पाच नंबर, म्हणजे पाण्याच्या पाच पाळ्या. किशनराव हे गावचे मातब्बर, त्यांचं रान चारीच्या मुखाशी. त्याखाली तांड्यावरचे दोघे भाऊ, धर्मसिंग आणि सेवा. मग ग्यानोबा. आणि टेलला नीलाबाई, एकटी बाई, तुकडाभर रान.

"किशनराव, धर्मसिंग, सेवा, ग्यानोबा, नीलाबाई," शीतलने घोकलं. मग मला म्हणाली, "काका, बघा. एकेक नाव घेतलं तर ही नावं हजारो जणांची आहेत. पण या पाच नावांची या क्रमाने बांधलेली मोळी सगळ्या दुनियेत एकाच चारीवर आहे."

मला खरंच काटा आला अंगावर. इतकी वर्षं मी पत्ता म्हणजे गाव, तालुका, जिल्हा असं समजत होतो. या पोरीने पाण्याच्या नंबराचा पत्ता केला.

पण काही आलं नाही. इंग्रजीत ही नावं कोण कशी लिहील याचा नेम नाही, म्हणून तिने 'नाहीतर' लावून ती तऱ्हेतऱ्हेने लिहून पाहिली. दोन-दोन नावांच्या लहान मोळ्या करून पाहिल्या. मोळी सोडून सगळ्या नावांमध्ये 'नाहीतर' टाकलं तर 'सेवा' या एका शब्दापायी देशातले सगळे आश्रम आणि धर्मादाय दवाखाने धावून आले. मोळी बांधली की पुन्हा शून्य. 'आपल्या शोधाशी जुळणारं पान नाही' हे वाक्य तिने इतक्यांदा बघितलं की मला त्या यंत्राचा राग यायला लागला. पौर्णिमा जवळ आली.

पौर्णिमेच्या आदल्या बाजाराच्या दिवशी कमलबाई एकट्याच आल्या. फोटो न्यायला सोनाजीने पाठवलं होतं. त्या स्टुलावर बसून राहिल्या. शीतलचं तोंड उतरलं होतं. तिने फोटो पुन्हा मशीनमध्ये घातला, आता फ्रेमसाठी. कात्री लावायची तेवढी उरली होती. चाळा म्हणून किंवा जीव राहवेना म्हणून, ती पुटपुटत होती, "किशनराव, धर्मसिंग, सेवा..."

"हे काय म्हणून राहिली गं माय?" कमलबाईंनी मान वर केली.

"पुकारा आजी. भीमराजदादांचा."

"ह्यो न्हाई त्याचा पुकारा. ह्यो सोनाजीचा." म्हातारीने मान हलवली. "सोनाजी मुखापासून धरतो. धरावंच लागतं, किशनरावाचं रान आधी भिजलं न्हाई तर दुसऱ्या दिवशी ह्याची रोजी जाते. गावात समदे तसंच म्हणतेत, मोठ्याचं नाव आधी. माझा भीमराज तसा न्हवता. त्यो टेलपासून धरायचा. म्हणायचा, माय, शेवटच्या रानात पाणी पोचलं तर मधल्यांना मिळतंच, पण मुखाला पोचलं म्हणून शेवटाला मिळत न्हाई. नीलाबाईपासून सुरू करायचा त्यो. त्याच्यासाठीच तर वरचे त्याच्यावर खार खाऊन व्हते."

शीतलने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. पाण्याचा सरकारी नियमही तोच आहे, शेवटाकडून मुखाकडे. पण नियम कुणाच्या तोंडी असतो? सबंध गाव उलटा पुकारा घोकत होतं, आणि आम्हीही.

तिने मोळी सोडली आणि उलटी बांधली. नीलाबाई, ग्यानोबा, सेवा. 'नाहीतर' लावून नीलाबाईच्या दोन-तीन तऱ्हा, ग्यानोबाच्या दोन-तीन तऱ्हा. बटणावर बोट ठेवून ती क्षणभर थांबली. कमलबाईंना यातलं काही कळत नव्हतं, तरी त्या स्टुलावर पुढे सरकून बसल्या.

एक उत्तर आलं. लाख नाही, हजार नाही, एक.

केरळातल्या कुणा नर्सिंगच्या विद्यार्थिनीने लिहिलेलं पान होतं ते. समुद्राकाठच्या एका आश्रयघरात ती शिकाऊ म्हणून गेली होती, तिथल्या दिवसांबद्दल साधं सरळ इंग्रजीत लिहिलं होतं. मी मोठ्याने वाचत मराठी सांगत गेलो. तिथे कुठूनतरी आलेला एक माणूस आहे. तो कधी बोलत नाही. हिंदी येणाऱ्या सिस्टरने विचारलं, तरी बोलत नाही. पण रोज सकाळी बागेला पाणी घालायच्या आधी तो नळाजवळच्या दगडावर चढतो, एक हात वर करतो आणि मोठ्या आवाजात पुकारतो, "नीलाबाई, ग्यानोबा, सेवा, धर्मसिंग, किशनराव." नेहमी याच क्रमाने. त्यानंतर तो आणखी एक नाव घेतो, पण ते नुसतं ओठांत, आजवर कुणाला ऐकू आलेलं नाही.

पुढच्या वाक्याशी मी चष्मा काढून पुसू लागलो. शीतलने वाचलं. 'आम्हाला वाटतं ही त्याच्या देवांची नावं असावीत. म्हणून त्याचं होईपर्यंत इथे कुणी नळ सोडत नाही.'

पानावर फोटो होता. लहान, अंधुक. दाढी वाढलेला माणूस दगडावर उभा, हात वर. शीतलने वस्तीवरचा फोटो त्याच्या शेजारी आणून ठेवला. दोन्हीकडे तोच हात, तसाच तिरपा, अंगठा आत मुडपलेला.

कमलबाई उठल्या. पडद्यापाशी गेल्या, अंधुक चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "वाळला." एवढंच. मग तिथेच खाली बसून त्या रडल्या आणि शीतलही त्यांच्या कुशीत शिरून रडली. मी दाराकडे तोंड करून उभा राहिलो. पोस्टातल्या माणसाने रडू नये असं काही नाही, पण सवय नाही.

त्या संध्याकाळी एसटीडी बूथवरून मी माझ्या पोस्टी इंग्रजीत केरळला फोन लावला. पलीकडच्या सिस्टरला जेव्हा सांगितलं की ते देव नाहीत, शेतकरी आहेत, तेव्हा तिने मला ती नावं पुन्हा एकेक करून सांगायला लावली. पौर्णिमेला वस्तीवर वंदना झाली, खीर झाली, हार झाला नाही. सोनाजी आणि स्वानंद, हो, आमचा स्वानंद पुण्याहून रजा काढून, भीमराजला आणायला गेले. भावाला बघून भीमराज हसला म्हणे, पण बोलला नाही. तिथल्या डॉक्टरांनी औषधं दिली, सावकाश होईल म्हणाले. पावसाळाभर तो घरात बसून होता. खायचा, झोपायचा, आईच्या मागे मागे हिंडायचा.

शीतलच्या दुकानात मात्र रीघ लागली. कुणाचा भाऊ, कुणाची बहीण. ती कुणालाही खोटी आशा देत नसे. आधी एकच विचारायची, "त्याच्या तोंडात काय असायचं ते सांगा." बहुतेक माणसं सापडली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ती त्यांच्यासाठीही तितकाच वेळ बसायची.

दिवाळीनंतर धरणातून रब्बीचं पहिलं पाणी सुटलं, तेव्हा सोनाजीने आम्हाला बोलावलं. मी, गंगूताई आणि शीतल सकाळच्या गाडीने गेलो. चारीच्या दाराशी माणसं जमली होती. किशनराव पांढऱ्या कपड्यांत पुढे उभे. नीलाबाई लांब, कडेला, फावडं घेऊन. भीमराज आईशेजारी खाली बघत उभा होता.

सोनाजीने दाराचं चाक फिरवायचा लोखंडी दांडा उचलला. किशनरावांकडे एकदा बघितलं. मग वळून दांडा भावाच्या हातात दिला. "दादा, तूच कर."

किशनराव एक पाऊल बाजूला सरकले. आपल्या सगळ्यांच्या नावांना एवढ्या लांबच्या मुलखात कुणी देव समजलं होतं, हे त्यांच्याही कानावर गेलं होतं.

भीमराजने दांडा लावला. हातांना सगळं आठवत होतं. पाणी फुसफुसत चारीत शिरलं. तो दारावर चढला, हात वर केला आणि तो आवाज आला, कमलबाई म्हणायच्या तसाच, पार टेलपर्यंत जाणारा. "नीलाबाई! ग्यानोबा! सेवा! धर्मसिंग! किशनराव!" नीलाबाई फावडं खांद्यावर टाकून पळत सुटली.

मग त्याचे ओठ हलले. केरळात कुणाला ऐकू आलं नव्हतं, पण आम्ही जवळ होतो आणि पाण्याचा आवाज अजून लहान होता.

"कमलबाई," तो म्हणाला.

म्हातारी गोंधळली. तिने शीतलचा दंड धरला. "माझं नाव काहून घेतलं गं त्यानं?" ती विचारत होती. "आमचं तर रानच न्हाई."